बिडाचीं जुनीं भांडीं व गंज काढण्याची विजेची टाकी

शेतकऱ्याच्या घरांतून जुनें लोखंड निघालें नाहीं असें एकही वर्ष जात नाहीं. पावसाळ्यापूर्वीं माळवदावर माती टाकावयाची म्हणून खालची अडगळीची खोली रिकामी केली कीं तींतून झिजलेले फाळ, मोडकीं खुरपीं, बैलगाडीच्या चाकांच्या धावा आणि त्या सर्वांच्या खालीं दडपलेलीं स्वयंपाकाचीं भांडीं बाहेर पडतात. भंगारवाला दारांत उभाच असतो. तो काट्यावर घालून जें देईल तें पदरांत घ्यावें आणि जागा मोकळी करावी, असा आतां सर्वत्र प्रघात पडला आहे. या लेखाचा हेतु इतकाच आहे कीं, तसें करण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं त्या ढिगांतील बिडाचीं भांडीं निराळीं काढून ठेवावीं. त्यांवर कितीही गंज चढला असला तरी बहुधा तीं मेलेलीं नसतात; आणि त्यांस पुन्हा चुलीवर आणण्याची एक सोपी, स्वस्त व घरच्या घरीं करतां येण्याजोगी रीत आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. रसायनशास्त्राचा आम्हांस अधिकार नाहीं. मराठी शाळेंतील शिक्षणाच्या बळावर दप्तर सांभाळण्यांत आमचें आयुष्य गेलें. तथापि दप्तराच्या कामानें एक संवय जडते. केलेल्या कामाची तारीखवार टिपणी ठेवल्यावांचून चैन पडत नाहीं. पुढें जें लिहिलें आहे तें त्या टिपणीवरून लिहिलें आहे, आणि त्यांत आमची एक मोठी चूकही जशीच्या तशी नमूद केली आहे. कारण ती चूक वाचकांच्या घरीं होऊं नये, हाच लिहिण्याचा खरा उपयोग होय.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथून पैठणच्या वाटेवर आमचें गांव आहे. गेल्या वर्षीं ज्येष्ठांत घरांतील अडगळ काढतांना तीन जिन्नस हातीं आले: एक बिडाचा तवा, एक लोखंडी कढई व एक बिडाचा खलबत्ता. तवा आमच्या आजीनें पैठणास नाथषष्ठीच्या यात्रेंतून आणलेला. आमच्या मातोश्री लग्न होऊन या घरांत आल्या, तेव्हां पहिली भाकरी त्यांनीं याच तव्यावर टाकली होती. पुढें ॲल्युमिनियमचीं व निर्लेप भांडीं घरांत आलीं आणि तवा खोलींत गेला. माळवद दोन पावसाळे गळलें, त्याचें पाणी त्यावरच पडलें. आम्हीं तो उचलला तेव्हां त्याचे पोपडे हातांत आले. भंगारवाल्यानें काटा पुढें केला. मातोश्रींनीं ओसरीवरूनच सांगितलें, "तवा द्यायचा नाहीं." वयाची ऐंशी ओलांडलेल्या माउलीनें दुसरें कांहीं मागितलें नव्हतें. तेव्हां तवा राखणें आम्हांस प्राप्त झालें.

बीड म्हणजे काय?

येथें बीड म्हणजे आपल्या मराठवाड्यांतील जिल्ह्याचें नांव नव्हे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. लोखंड वितळवून सांच्यांत ओतलें म्हणजे तें बीड होतें. त्यांत शेंकडा 2 ते 4 कोळशाचा अंश, म्हणजे कार्बन, असतो व तो बहुतेक ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपानें राहतो. त्यामुळें बीड कठीण परंतु ठिसूळ असतें. घडीव लोखंडास घण मारला तर तें वांकतें. बिडास मारला तर तें फुटतें. तापलेल्या बिडाच्या तव्यावर थंड पाणी ओतलें तर तो तडकतो, हें जुन्या बायकांस पुस्तकावांचून ठाऊक होतें. उलट बीड सावकाश तापतें, एकदां तापलें कीं उष्णता धरून ठेवतें, आणि म्हणून धपाटे, थालीपीठ व धिरडें त्यावर न करपतां खरपूस होतें.

शेतकऱ्यास बीड नवें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं 1903 सालीं बेळगांव येथें लोखंडी नांगर तयार केला. तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत असल्यामुळें पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. 1910 सालीं किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून नांगर व उंसाचे चरक गांवोगांव गेले. त्या काळचें ओतकाम अद्यापि कित्येक वाड्यांच्या परसांत गंजत पडलेलें आढळतें. येथें सांगितलेली रीत त्यांसही लागू आहे.

गंज आणि त्यावरील जुने उपाय

लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं तिन्हीं एकत्र आलीं कीं गंज होतो. गंज सच्छिद्र व पोकळ असल्यामुळें तो खालच्या लोखंडास झांकीत नाहीं. उलट ओल धरून ठेवतो आणि आंतआंत खात जातो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें 1600 वर्षें उघड्यावर उभा आहे व तरीही फारसा गंजला नाहीं. त्याचें कारण असें सांगतात कीं, त्याच्या घडीव लोखंडांत फॉस्फरसचा अंश अधिक असल्यामुळें पृष्ठभागावर एक पातळ व घट्ट थर तयार झाला आहे. आमच्या तव्यास तें भाग्य नाहीं. त्याचें संरक्षण तेलाच्या थरानेंच व्हावयाचें, आणि तो थर एकदां गेला कीं गंज चढूं लागतो.

गंज काढण्याचे घरगुती उपाय पुष्कळ आहेत. विटेचा चुरा व राख यांनीं वरवरचा गंज निघतो, खोल गेलेला निघत नाहीं. चिंच, लिंबू अथवा शिरका यांतील आंबटपणा गंज विरघळवितो, परंतु भांडें त्यांत विसरून राहिलें तर चांगलें लोखंडही खातो. कित्येक जण भांडें धगधगीत आरांत टाकतात. त्यानें जळकट पुट निघतें खरें, पण बीड वांकण्याचा व तडकण्याचा संभव मोठा. हल्लीं यंत्राच्या चक्रानें घांसण्याची टूम निघाली आहे. तींत गंजाबरोबर लोखंडही जातें आणि तव्याची वर्षानुवर्षांच्या वापरानें झालेली गुळगुळीत पाठ कायमची बिघडते. विजेच्या टाकीचा विशेष हा कीं, जोडणी बरोबर असेल तर ती गंज सोडविते, जुनें तेलकट पुट फुगवून काढते, आणि चांगल्या लोखंडास धक्का लावीत नाहीं.

टाकींत काय घडतें?

सोडा घातलेल्या पाण्यांत लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांस न टेकतां ठेवावे व त्यांतून बॅटरीच्या जातीची, म्हणजे एकाच दिशेनें वाहणारी, वीज सोडावी. जो तुकडा विजेच्या ऋण टोंकास जोडला असेल त्यावर पाणी फुटून हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात. धन टोंकाच्या तुकड्यावर ऑक्सिजन निघतो व तो तुकडा हळूहळू स्वतः गंजत जातो. शाळेच्या पुस्तकांत यास विद्युत अपघटन म्हणतात. त्याचे नियम मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानें गेल्याच्या मागल्या शतकांत, 1830 नंतरच्या वर्षांत, बसवून दिले.

गंजलेलें भांडें ऋण टोंकास असलें म्हणजे तीन कामें एकदम होतात. तांबड्या गंजाचा कांहीं भाग बदलून काळा व भुसभुशीत होतो. बुडबुडे त्याच्या खालून निघून त्यास उचलून धरतात. आणि भांड्याच्या अंगालगतचें पाणी अधिक क्षारयुक्त होऊन जुन्या तेलाच्या पुटाचा साबणासारखा लगदा करतें. ही युक्ति केवळ घरगुती आहे असें नव्हे. कॅप्टन कुकचें एंडेव्हर जहाज 1770 सालीं ऑस्ट्रेलियाजवळ प्रवाळाच्या खडकावर अडकलें असतां भार कमी करण्यासाठीं सहा तोफा समुद्रांत टाकल्या होत्या. त्या 1969 सालीं सांपडल्या, आणि सुमारें 200 वर्षें खाऱ्या पाण्यांत राहिलेल्या त्या बिडाच्या तोफांचें रक्षण याच तत्त्वानें करण्यांत आलें. तोफ वांचते तर तवा कां वांचूं नये?

साहित्य

1. वीस लिटरची प्लास्टिकची बादली. धातूची बादली चालणार नाहीं.

2. धुण्याचा सोडा, दर 4 लिटर पाण्यास एक मोठा चमचा. हा धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा नव्हे, आणि कॉस्टिक सोडा तर मुळींच नव्हे, कारण तो कातडी व डोळे जाळतो. धुण्याचा सोडा न मिळाल्यास खाण्याचा सोडा कोरड्या कढईंत चांगला भाजावा. त्यांतील पाणी व वायु निघून जाऊन तोच धुण्याचा सोडा होतो. सोड्याऐवजीं मीठ कदापि घालूं नये. मिठाच्या पाण्यांतून वीज गेली म्हणजे क्लोरीन हा विषारी वायु निघतो.

3. धन टोंकासाठीं साध्या लोखंडाचे टाकाऊ तुकडे. झिजलेला फाळ, सळईचे तुकडे, जुना पत्रा यांपैकीं कांहींही चालेल, आणि शेतकऱ्याच्या घरीं यांस तोटा नाहीं. मात्र स्टेनलेस स्टीलचा चमचा अथवा ताट वापरूं नये. त्यांतील क्रोमियम पाण्यांत उतरून अतिशय विषारी होतें. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा व तांब्याची तार हींही पाण्यांत बुडवूं नयेत.

4. मोटारीची अथवा ट्रॅक्टरची बॅटरी भरण्याचा 12 व्होल्टचा साधा चार्जर. हल्लींचे कित्येक चार्जर समोर बॅटरी नसली तर वीजच सोडीत नाहींत. म्हणून जुन्या पद्धतीचा पाहावा. घरांतील 230 व्होल्टची वीज सरळ पाण्यांत सोडण्याचा विचारही मनांत आणूं नये. ती भांडें साफ करीत नाहीं, माणूस मारते.

फाळाचे व सळईचे तुकडे बादलीच्या कडेनें चोहोंकडून उभे करून एकमेकांस तारेनें जोडावे व धन टोंकास लावावे. मध्यें आडव्या काठीवरून भांडें लोंबतें सोडून तें ऋण टोंकास लावावें. जेथें तार लावावयाची ती जागा आधीं घांसून उजळ करावी, कारण गंजांतून वीज नीट जात नाहीं. भांड्याचें जें अंग धन तुकड्यांसमोर असेल तेंच आधीं साफ होतें. म्हणून मधून वीज बंद करून तें फिरवावें.

आमची चूक

आमचा पुतण्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत कामास आहे. त्याच्याकडून आम्हीं जुना चार्जर आणला. त्याच्या दोन्ही चिमट्यांवरील तांबडीं-काळीं आवरणें कधींच निघून गेलीं होतीं. कोणता धन व कोणता ऋण, हें पुतण्यास विचारावयास पाहिजे होतें. आम्हीं अंदाज केला. मातोश्रींनीं मात्र एक शहाणपणाची अट घातली होती. "आधीं कढई घाल," त्या म्हणाल्या, "तव्याला इतक्यांत हात लावूं नकोस."

रात्रीं नऊ वाजतां वीज सोडली व सकाळीं आठ वाजतां बंद केली. अकरा तास. पाणी तांबडें, गढूळ झालें होतें; आम्हांस वाटलें, गंज निघाला. कढई वर काढून धुतली तों तिचा कांठ उंदरानें कुरतडल्यासारखा झालेला, आणि बुडाशीं जेथें पत्रा आधींच पातळ झाला होता तेथें बोट जाईल एवढें भोंक. फाळाचा तुकडा मात्र स्वच्छ, काळाभोर. जोडणी उलटी झाली होती. आम्हीं गंज कढईचा काढावयाचा तो फाळाचा काढला, आणि झिजवावयाचा फाळ तो कढई झिजविली.

विजेचा हिशेब चोख असतो. उलट्या जोडणींत एक अँपिअर वीज एक तास वाहिली तर पुष्कळांत पुष्कळ एक ग्रॅम लोखंड विरघळतें. पांच अँपिअर अकरा तास, म्हणजे 55 ग्रॅमपर्यंत. सोड्याच्या पाण्यांत लोखंड सहसा इतकें जात नाहीं, परंतु आमच्या विहिरीचें पाणी मचूळ आहे, आणि खाऱ्या पाण्यांत लोखंडास खड्डे पडतात. सातबाऱ्यावरील नोंद चुकली तर ती दुरुस्त करवून घेण्याची तजवीज आहे. विरघळलेल्या लोखंडास ती तजवीज नाहीं. मातोश्रींनीं कढई हातांत घेऊन उजेडाकडे धरली, भोंकांतून पाहिलें, आणि एवढेंच म्हणाल्या, "तवा नव्हता, हें बरें झालें." या शब्दांनीं आम्हांस जितकें लागलें तितकें वरिष्ठांच्या ताशेऱ्यांनींही कधीं लागलें नव्हतें.

यापुढें आम्हीं एक नियम केला आहे आणि वाचकांनींही तो करावा. भांडें टाकींत घालण्यापूर्वीं लोखंडाचे दोन खिळे चार्जरच्या दोन टोंकांस लावून सोड्याच्या पेलाभर पाण्यांत, एकमेकांस न टेकतां, धरावे. ज्या खिळ्यावर दाट बुडबुडे येतील तें ऋण टोंक. भांडें त्यासच जोडावयाचें. पाणी फुटतें तेव्हां हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट निघतो, म्हणून ही परीक्षा चुकत नाहीं. ओळख पटली कीं त्या चिमट्यास सुतळीची गांठ मारून ठेवावी.

तव्याची पाळी

पंधरा दिवस आम्हीं तव्यास हात लावला नाहीं. मग पुतण्यास समोर बसवून, खिळ्यांची परीक्षा त्याच्याकडून व आमच्याकडून अशी दोनदां करून, खलबत्ता टाकींत सोडला. बारा तासांनीं तो काढला असतां गंज ओल्या काळ्या चिखलासारखा झाला होता व काथ्यानें घांसतांच निघाला. तेव्हां कोठें मातोश्रींनीं तवा दिला.

देण्यापूर्वीं त्यांनीं तो एका हातावर तोलून बोटाच्या पेरानें वाजविला. खणखणीत आवाज आला. मडकें घेतांना जी परीक्षा, तीच बिडाची. आवाज बद्द आला तर आंत चीर आहे असें समजावें. चीर गेलेलें बीड घरच्या उपायांनीं सांधत नाहीं व तापविल्यावर तें फुटण्याचें भय असतें.

तवा टाकींत एकंदर अठरा तास होता. नऊ तास एका अंगानें, नऊ तास दुसऱ्या अंगानें. मध्यें दोन तास वीज गेली. परंतु सोड्याच्या पाण्यांत लोखंड सहसा गंजत नसल्यामुळें कांहीं बिघडलें नाहीं. वीज आल्यावर काम पुढें चालूं झालें. बाहेर काढून घांसला तेव्हां चूल पेटवावयास लागतो तेवढ्या वेळांत सर्व काळें पुट निघालें आणि खालून राखी रंगाचें कोरें बीड दिसलें. मधोमध गंजानें खाल्लेले पांच-सहा बारीक खड्डे तसेच आहेत. ही टाकी गंज काढते. गेलेलें लोखंड परत आणीत नाहीं. हें आधींच समजून असावें म्हणजे निराशा होत नाहीं.

सावधगिरी

बुडबुड्यांतून निघणारा हायड्रोजन हवेंत शेंकडा 4 इतका मिसळला तरी ठिणगीनें पेट घेतो. पांच अँपिअर वीज दहा तास चालली म्हणजे सुमारें 22 लिटर हायड्रोजन निघतो. उघड्या अंगणांत तो वर उडून जातो. बंद खोलींत तो छताशीं सांठतो. म्हणून टाकी अंगणांत अथवा मोकळ्या पडवींत ठेवावी, तिच्यावर झांकण घालूं नये, आणि जवळ बिडी, चूल वा कंदील असूं नये. चिमटे लावतांना व काढतांना ठिणगी पडते. याकरितां आधीं भिंतीवरील बटण बंद करावें, मग चिमट्यास हात लावावा. वीज चालूं असतां पाण्यांत हात घालूं नये. चार्जर बादलीपासून दूर, कोरड्या जागीं असावा. पोरें व जनावरें जवळ येऊं देऊं नयेत. तहानलेलें वासरूं बादली पाहून येतेंच.

या टाकींत केवळ लोखंड व बीड घालावें. ॲल्युमिनियम सोड्याच्या पाण्यांत विरघळतें. तांबें, पितळ, कल्हई केलेलीं भांडीं व पंचधातूचे जिन्नस यांस ही रीत लागू नाहीं. विळा, कुऱ्हाड अशा पाणी दिलेल्या पात्यांस फार वेळ ठेवूं नये, कारण हायड्रोजन कठीण पोलादांत शिरून त्यास ठिसूळ करूं शकतो. बाजारांतून विकत घेतलेल्या जुन्या भांड्याविषयीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अशा भांड्यांत कोणीं जाळ्याचीं वजनें ओतण्यासाठीं शिसें वितळविलें असण्याचा संभव असतो. तसा संशय असल्यास तें भांडें स्वयंपाकास घेऊं नये. शिसें घांसून जात नाहीं.

उरलेल्या पाण्याविषयीं आम्हांस शेतकऱ्यांस आवर्जून सांगावयाचें आहे. तें तांबडें पाणी पिकास, झाडाच्या आळ्यांत अथवा विहिरीजवळ ओतूं नये. धुण्याचा सोडा हा तोच क्षार आहे जो काळ्या जमिनीस चोपण करतो. जायकवाडीचा कालवा आल्यानंतर निचरा नसलेल्या जमिनींची काय गत झाली, हें आमच्या भागांतील शेतकऱ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पाणी मुरमाड, पडीक जागीं ओतावें. तेंच पाणी चार-पांच भांड्यांस पुरतें, म्हणून दरवेळीं टाकूं नये.

तेलाचें पुट

टाकींतून निघालेलें बीड अगदीं उघडें असतें. पाहतां पाहतां त्यावर पुन्हा तांबूस छटा येते. म्हणून तें धुतल्याबरोबर फडक्यानें पुसून मंद आंचेवर पूर्ण सुकवावें. हाताला सोसेल इतकें गरम असतांनाच सर्वांगास तेल चोळावें आणि मग कोरड्या फडक्यानें असें पुसावें कीं जणूं तेल लावलेंच नव्हतें. नवशिक्याची चूक येथेंच होते. तेल जास्त राहिलें तर तव्यावर चिकट गांठी होतात. नंतर तवा धूर निघेपर्यंत तापवून, धूर थांबल्यावर आपोआप निवूं द्यावा. असें चार-पांच वेळां करावें. तेल उष्णतेनें घट्ट होऊन लोखंडावर कठीण, काळें आवरण धरतें.

तेल कोणतें, याचें उत्तर आमच्या मराठवाड्याच्या रानांत आहे. जी तेलें हवेंत वाळतात तींच या कामास उत्तम, आणि जवस व करडई हीं दोन्ही तशींच आहेत. जवसाचें तेल सर्वांत कठीण वाळतें, परंतु जाड थर दिला तर पापुद्रे सुटतात. करडईचें तेल अधिक सोसतें. आम्हीं तव्यास तेंच वापरलें. शेंगदाण्याचें तेल हवेंत सहसा वाळत नाहीं. जवसाचें तेल घाण्यावरचें, खाण्याचें घ्यावें. रंगाच्या दुकानांतील नव्हे, कारण त्यांत लवकर वाळावें म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात.

पहिले कांहीं दिवस तव्यावर धपाटे, थालीपीठ असे तेलाचे पदार्थ करावे. चिंच, टोमॅटो, ताक असे आंबट पदार्थ बिडांत शिजवून ठेवूं नयेत. पुट सुटतें व पदार्थ काळा पडतो. धुतल्यावर ओलें ठेवूं नये.

हा खटाटोप कां करावा?

खर्चाचा हिशेब असा. 12 व्होल्ट व पांच अँपिअर म्हणजे 60 वॅट. चार्जरमध्यें वायां जाणारी वीज धरूनही दहा तासांस एक युनिटहून अधिक लागत नाहीं. सोडा मूठभर. फाळ टाकाऊच होता. यांत मोठा खर्च लक्ष देण्याचा आहे, आणि तो आम्हीं पहिल्या वेळीं वांचविला म्हणून कढई गमावली.

लाभ केवळ जुन्या आठवणीचा नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें 2019 ते 2021 या काळांत महाराष्ट्रांतील 15 ते 49 वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा 54 स्त्रियांस रक्तक्षय होता. म्हणजे दोन घरांपैकीं एका घरची सून वा लेक. इथिओपियांत लहान मुलांवर केलेला एक प्रयोग 1999 सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्या घरांत लोखंडी भांड्यांत अन्न शिजलें, त्या घरच्या मुलांचें रक्त ॲल्युमिनियमचीं भांडीं वापरणाऱ्या घरांतील मुलांपेक्षां अधिक सुधारलें होतें. यावरून तवा हेंच औषध असें कोणीं समजूं नये. रक्तक्षयाचीं कारणें पुष्कळ आहेत, औषध वैद्यास विचारूनच घ्यावें, आणि थॅलेसेमियासारख्या विकारांत तर अधिक लोह अपायकारक असतें. तथापि जें भांडें शिजतां शिजतां थोडें लोह देतें तें भंगारांत द्यावें आणि लोहाच्या गोळ्या विकत आणाव्या, यांत शहाणपण दिसत नाहीं.

शेतीच्या अवजारांसही या टाकीचा उपयोग आहे. कडबा कापण्याच्या यंत्राचें बिडाचें चाक, जुन्या चरकाचे दांते, गंजून जाम झालेले नट व बोल्ट असे जिन्नस आम्हीं व शेजाऱ्यांनीं मिळून साफ केले. मोठ्या जिनसांस पिंप लागतें व वेळही अधिक लागतो, तत्त्व तेंच.

कढई आम्हीं टाकून दिली नाहीं. ती अंगणांत टाकीजवळच्या खुंटीस टांगली आहे. गांवचा कोणी आपलें भांडें घेऊन आला कीं आम्ही त्यास आधीं तें भोंक दाखवितों आणि मग खिळ्यांची परीक्षा करावयास लावतों. आजवर दुसरें भांडें बिघडलें नाहीं. तवा स्वयंपाकघरांत आहे. मातोश्रींच्यानें आतां भाकरी थापवत नाहीं. सूनबाई थापतात व त्या शेजारीं बसून आंच सांगतात.

वाचकांस विनंति इतकीच कीं, यंदा माळवद साफ करतांना भंगारवाल्याचा काटा लागण्यापूर्वीं प्रत्येक बिडाचें भांडें एकदां बोटानें वाजवून पाहावें. आवाज खणखणीत आला तर तें घरांत ठेवावें. ही रीत कोणीं करून पाहिल्यास आपला अनुभव, विशेषतः चुकला असेल तो, मासिकाकडे लिहून पाठवावा. यशापेक्षां त्यापासून इतरांस अधिक शिकावयास मिळतें.